जीपच्या ऑईल लाईनचे जोड: कामाच्या नोंदी

गाडी: महिंद्रा सीजे ३ बी, पेट्रोल, हरिकेन एफ-हेड इंजिन, २१९९ सीसी.
मुक्काम: कोल्हापूर.
काम: ऑईल फिल्टर आणि ऑईल प्रेशर गेजच्या नळ्यांचे सगळे जोड कोरडे करणे.

५ जानेवारी २०२५, रविवार

काकांची जीप आज गगनबावड्याकडच्या शेतावरून घरी आणली. इंजिन एका लयीत चालतं, पण ऑईल फार खातं अशी काकांची तक्रार होती. प्लग काढून पाहिले. कोरडे आहेत, फिकट तपकिरी. सायलेन्सरमधून निळा धूर नाही. म्हणजे ऑईल जळत नाही, बाहेर सांडतंय. इंजिनाचा पुढचा भाग, खालचा क्रॉस मेंबर, स्टिअरिंग बॉक्स, सगळं काळं आणि ओलं आहे.

"जुनी जीप म्हटल्यावर थोडं गळणारच की रं," काका म्हणाले. त्यांच्या वयाचे बहुतेक जीपवाले हेच म्हणतात. मला ते मान्य नाही. ही गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिचे जोड कोरडे होते आणि ते तसेच राहावेत म्हणून कुणीतरी विचार करून ते बनवले होते. प्रत्येक जोडात ऑईल अडवणारा एक नेमका पृष्ठभाग असतो. तो कोणता हे कळलं की गळती थांबते. कळलं नाही, तर पाना कितीही जोराने ओढला तरी थांबत नाही.

सीजे ३ बी अमेरिकेत १९५३ मध्ये आली. या इंजिनात इनटेक व्हॉल्व हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि बॉनेटही उंच करावं लागलं. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली, आपल्याकडे महिंद्राने ती त्यानंतरही बरीच वर्षं बनवली. गाडी आपली असली तरी तिचं घराणं अमेरिकन आहे. नळ्यांच्या कामात ही गोष्ट डोक्यात ठेवावी लागेल असं आत्ताच वाटतंय.

ऑईलचा रस्ता नीट समजून घेतला. पंप सम्पमधून, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या टाकीतून, ऑईल उचलतो आणि ब्लॉकच्या आतल्या गॅलरीत, म्हणजे ऑईलच्या मुख्य वाटेत, ढकलतो. तिथून ते बेअरिंगांकडे जातं. गॅलरीतून बाहेर दोन फाटे निघतात, एक प्रेशर गेजकडे आणि एक फिल्टरच्या डब्याकडे. हल्लीच्या गाड्यांत सगळं ऑईल फिल्टरमधून गाळून मगच बेअरिंगला पोचतं. इथे फिल्टर बायपास पद्धतीचा आहे. थोडंसंच ऑईल डब्यात जातं, गाळलं जातं आणि परतीच्या नळीने टायमिंग गिअरच्या झाकणात पडतं. त्यामुळे डब्याकडे जाणारी नळी गॅलरीच्या पूर्ण दाबाखाली असते आणि परतीच्या नळीत दाब जवळजवळ नसतो.

सम्पमध्ये चार क्वार्ट, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास ऑईल मावतं. दाबाची नळी घाटात निसटली तर हे सगळं रस्त्यावर जायला वेळ लागणार नाही, आणि तापलेल्या एक्झॉस्टवर उडालं तर आगीची भीती आहेच. म्हणून "थोडं गळणारच" हे मला ऐकवत नाही.

१२ जानेवारी, रविवार

आज फक्त धुणं आणि पाहणं. डिझेल आणि ब्रशने इंजिन घासलं, साबणाच्या पाण्याने धुतलं, कॉम्प्रेसरच्या हवेने वाळवलं. डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटर आधी प्लॅस्टिकने बांधून घेतले होते. मग सगळ्या जोडांवर आणि त्यांच्या खालच्या लोखंडावर टाल्कम पावडर भुरभुरली. पांढऱ्या पावडरीवर ऑईलचा पहिला ठिपका लगेच काळा उठून दिसतो.

गळती शोधताना माणूस आधी खाली बघतो, जिथे थेंब पडतो तिथे. पण ऑईल खाली ओघळतं आणि पंख्याचा वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधायचा. उगम तिथे असतो, बाकीचा सगळा ओघळ.

थंड इंजिनावर पहिली काही मिनिटं काहीच दिसलं नाही. इंजिन तापून ऑईल पातळ झालं तेव्हा आधी ब्लॉकमध्ये बसवलेल्या फिल्टरच्या एल्बोच्या, म्हणजे काटकोनी जोडाच्या, मुळाशी काळं वर्तुळ उमटलं. त्यानंतर फिल्टरकडच्या टोकाला तांब्याच्या नळीच्या नटामागून ऑईल पाझरायला लागलं. गेजच्या बाजूला ब्लॉकमधून निपल, त्यावर टी, टीच्या एका तोंडाला गेजची बारीक नळी आणि दुसऱ्याला इलेक्ट्रिक सेंडर (विजेच्या काट्याला दाब कळवणारा) अशी लांब उतरंड आहे. तिचं मूळ ओलं झालं. इंजिन चालू असताना टॉर्च धरून पाहिलं, तर तो जड सेंडर डोळ्याला दिसेल इतका थरथरत होता.

परतीच्या नळीचा जोड कोरडा आहे. टायमिंगच्या झाकणावर ऑईल होतं, पण ते वरून आलेलं.

एकही नट आज आवळला नाही. आवळला असता तर काय चुकलंय याचा पुरावाच गेला असता.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

तिळगूळ देऊन-घेऊन झाल्यावर दुपार मोकळी मिळाली. ब्लॉकमधला एल्बो काढला. पितळी आहे, बाजारात नळकामाच्या आणि पंपाच्या दुकानात मिळतो तसला. त्यावर टेफ्लॉन टेपचे इतके वेढे होते की आटे दिसतच नव्हते. टेप तपकिरी पडली होती आणि तिचे तुकडे एल्बोच्या आतल्या भोकातही लोंबत होते. ते तुकडे नक्की कुठे गेले असतील याची मला काळजी वाटते. दाब बाहेरच्या दिशेने असल्याने बेअरिंगकडे जाण्यापेक्षा फिल्टरकडे गेले असण्याची शक्यता जास्त.

टेप खरवडून काढली, आटे ॲसिटोनने पुसले आणि पिच गेज, म्हणजे आटे मोजायची दातेरी पट्टी, लावला. एल्बोचे आटे इंचाला २८. ब्लॉकच्या भोकात आरसा आणि टॉर्च धरून पहिले आटे पाहिले आणि मेणाचा ठसा घेऊन मोजले. इंचाला २७.

गळतीचं मूळ इथे आहे. एल्बो १/८ बीएसपी आहे आणि भोक १/८ एनपीटी. नाव दोघांचं १/८ इंच, उतार दोघांचा सारखाच, १६ ला १. बीएसपी हा ब्रिटिश पाइपाचा आटा, व्हिटवर्थच्या ५५ अंशांच्या कोनाचा. एनपीटी अमेरिकन, कोन ६० अंश. १/८ मध्ये बीएसपीचा बाहेरचा व्यास ९.७३ मिमी आणि एनपीटीचा १०.२९ मिमी. म्हणून बीएसपीचा नर एनपीटीच्या भोकात सुरुवातीला आरामात शिरतो, अगदी जोडीचा असल्यासारखा. दर आट्याला तीन शतांश मिलिमीटरच्या वर फरक साठत जातो. चार-पाच आटे गेले की तो एका बाजूने अडकतो आणि हाताला घट्ट झाल्याचं जाणवतं. प्रत्यक्षात आट्यांच्या बाजू एकमेकींना टेकलेल्याच नसतात. मधे शेंड्यापासून बुडापर्यंत फिरत गेलेली एक पोकळ वाट राहते आणि पातळ झालेलं गरम ऑईल त्या वाटेने गोल गोल फिरत बाहेर येतं. जाड टेपने ती वाट काही काळ बुजते, गरम-थंड व्हायला लागली की परत उघडते.

अर्धा आणि पाऊण इंचाच्या पाइपात दोन्ही पद्धतींचे आटे इंचाला १४ च आहेत, तिथे फसगत आणखी सोपी. १/८ आणि १/४ मध्ये निदान पिच गेज खरं सांगतो.

१८ जानेवारी, शनिवार

शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांकडे एल्बो आणि मेणाचा ठसा घेऊन गेलो. त्यांनी व्हर्नियर लावला, ठसा नखाने चाचपला आणि म्हणाले, "ह्यो आटा आमच्याकडं येतच न्हाई बगा. हितं सगळं बीएसपी. पंपाला बी त्येच, पाइपाला बी त्येच." कोल्हापुरात पंप, ऑईल इंजिन आणि ओतकामाचा एवढा मोठा धंदा आहे, तो सगळा बीएसपीवर उभा आहे. इथल्या फिटरच्या हाताला दुसरा आटा लागतच नाही. ज्याने कुणी हा एल्बो बसवला त्याने शहरात सहज मिळणारा १/८ चा एल्बो आणला आणि तो फिरून आत गेला, म्हणून बरोबर आहे असं धरलं.

भोक मोठं करून दोन सुती, म्हणजे पाव इंची बीएसपी टॅप मारून नवे आटे पाडावेत का, असं मी विचारलं. मामांनी मान हलवली. "बीडाच्या ब्लॉकात जेवढं कमी खरवडशीला तेवढं बरं. आधी त्योच आटा साफ करून बघा. बिघडलाच तर बुश हाय की." मलाही हेच हवं होतं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ठिसूळ असतं. निमुळता नर पाचरीसारखा आत जातो आणि भोकाला बाहेर ढकलतो. भोवतीचं लोखंड पातळ केलं, तर पुढच्या आवळणीला तडा जायचा धोका वाढतो.

१/८ एनपीटीचा टॅप इथे मिळाला नाही. मुंबईला मावसभावाला फोन केला, तो नागदेवी स्ट्रीटवरून आणेल.

२६ जानेवारी, रविवार

आज फिल्टरकडचं टोक. नळी दोन सुती तांब्याची, तिच्या तोंडाला फ्लेअर केलेला, म्हणजे तोंड शंकूसारखं पसरवलेलं, आणि डब्याला एक स्टीलचा ॲडॅप्टर. नट उघडला तर इथेही टेप, तीही फ्लेअर नटाच्या आट्यांवर. फ्लेअरच्या जोडात ऑईल आटे अडवत नाहीत. तिथे तांब्याचा पसरलेला शंकू धातूच्या शंकूवर दाबला जातो आणि त्या गोल पट्टीवर ऑईल अडतं. नटाचं काम फक्त दाबण्याचं. आट्यांवर टेप लावून काही अडत नाही. उलट घर्षण कमी होऊन नट नको तेवढा ओढला जातो आणि तांबं चिरडून पातळ होतं. इथे तेच झालंय, फ्लेअरची कड कागदासारखी पातळ झालीय.

पण तेवढ्याने एवढी गळती व्हायला नको. ॲडॅप्टरच्या शंकूवर मार्किंगचा निळा रंग बोटाने पातळ लावला, नळी टेकवली, नट हाताने फिरवून परत काढला. शंकू आणि फ्लेअर जुळत असते तर तांब्यावर रुंद निळी पट्टी उमटली असती. उमटलं ते आतल्या काठाशी केसाएवढं वर्तुळ.

कोनमापक लावून पाहिलं. ॲडॅप्टरचा शंकू ३७ अंशांचा आहे आणि नळीचा फ्लेअर ४५ अंशांचा. ३७ अंश म्हणजे हायड्रॉलिकवाल्यांचा जेआयसी, यंत्रांच्या हायड्रॉलिक होजपाइपांना असतो तो. मोटारीच्या जुन्या नळ्यांचा फ्लेअर एसएई ४५ अंशांचा. दोन सुती नळीसाठी दोन्हींच्या नटाचा आटा एकच आहे, ७/१६ इंच व्यास आणि इंचाला २० आटे. त्यामुळे नट शेवटपर्यंत सुरळीत जातो, कुठेही अडत नाही, आणि आत दोन वेगळ्या कोनांचे शंकू एका रेषेवर टेकलेले राहतात. तीन सुतीत हा घोळ होत नाही, तिथे दोन्हींचे आटे वेगळे आहेत आणि नट बसतच नाही.

एकाच नळीच्या एका टोकाला ब्रिटिश आटा अमेरिकन भोकात आणि दुसऱ्या टोकाला हायड्रॉलिकचा शंकू मोटारीच्या फ्लेअरमध्ये. दोन्ही ठिकाणी जोड "बसला" होता. बसणं आणि अडवणं यातला फरक ओळखायचा, बाकी या कामात अवघड काही नाही.

आणखी एक गोष्ट. फ्लेअरच्या मागे, नटाच्या तोंडाशी नळीला अर्ध्या परिघापर्यंत बारीक चीर आहे. फिल्टरचा डबा मुळात इंजिनावर ब्रॅकेटने बसवलेला असतो. कुणीतरी तो काढून फायरवॉलवर लावलाय, बहुधा हात नीट पोचावा म्हणून. इंजिन रबरी माउंटिंगवर डोलतं, फायरवॉल डोलत नाही, आणि मधली ताठ तांब्याची नळी हा सगळा डोल गिळत होती. तांबं सतत वाकवलं की कडक होतं आणि मग चिरतं. नवी नळी तशीच लावली तर तीही चिरणार. डबा परत इंजिनावर न्यायचा.

१ फेब्रुवारी, शनिवार

टॅप आला. नवा, धारदार, १/८-२७ एनपीटी.

या भोकाच्या पलीकडे गॅलरी आहे आणि गॅलरीपलीकडे क्रँकची बेअरिंगं. बीडाचा भुगा तिकडे जाता कामा नये. टॅपच्या खाचा ग्रीसने पूर्ण भरल्या, म्हणजे भुगा ग्रीसमध्ये अडकतो. पाव फेरा पुढे, अर्धा मागे, टॅप बाहेर, पुसायचा, नवं ग्रीस, परत आत. नवं काही कापायचं नव्हतं. जुन्या आट्यांच्या वाटेवर टॅपला चालवायचं आणि बीएसपीने चेपलेले शेंडे उभे करायचे. पहिले दोन आटे थोडे घासलेले आहेत, आतले शाबूत निघाले.

नंतर कॉइलची तार काढली, भोकाखाली पातेलं धरलं आणि स्टार्टर मारला. पंपाने गॅलरीतलं ऑईल भोकातून बाहेर फेकलं आणि उरलेला कण न् कण त्याबरोबर बाहेर आला. स्वच्छ पांढऱ्या कापडातून ते ऑईल गाळलं. सुरुवातीला करडा भुगा दिसला, नंतर काही नाही. असं भोक साफ करायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. ज्या दाबामुळे गळती होते, तोच दाब इथे कामाला येतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

योग्य फिटिंग कुठे मिळालं, तर फ्रिज-एसीचं सामान विकणाऱ्या दुकानात.

गॅसच्या नळ्यांसाठी फ्रिजवाले ४५ अंशांचा एसएई फ्लेअरच वापरतात. पाव इंची तांब्याची नळी, तिचे पितळी नट, युनियन, सगळं तिथे डब्यांत भरून असतं, आणि नटाचा आटा तोच, ७/१६-२०. त्यांच्याकडे हाफ युनियनही मिळतो, एका बाजूला पाव इंची फ्लेअर आणि दुसऱ्या बाजूला १/८ चा निमुळता आटा. तिथेच काउंटरवर पिच गेज लावला. एका डब्यातले २७ चे निघाले, शेजारच्या डब्यातले २८ चे. दुकानदाराने दोन्ही १/८ म्हणूनच ठेवलेत, आणि त्याचं ते चूकही नाही. २७ चे निवडून घेतले. नळी नवीन, जाड भिंतीची, मऊ घेतली.

हायड्रॉलिकवाल्याकडून दोन्ही टोकांना ३७ अंशांची होज बनवून घेणं हाही पर्याय होता. दोन्ही बाजूंचे ॲडॅप्टरही ३७ चे असते तर तोही जोड उत्तम टिकला असता. पण इंजिनावरच्या डब्याला होजची गरज नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

डबा फायरवॉलवरून उतरवून उघडला. मधल्या नळीला एक बारीक छिद्र आहे, साधारण दीड मिलिमीटरचं. डब्यातून किती ऑईल जायचं ते हे छिद्र ठरवतं. ते मोठं असतं तर गॅलरीतला दाब डब्यातच निघून गेला असता. छिद्राच्या तोंडाशी टेफ्लॉनच्या तंतूंचा बोळा सापडला. म्हणजे बऱ्याच काळापासून या इंजिनाचं ऑईल जवळजवळ गाळलंच जात नव्हतं. ऑईलच्या जोडांना टेप का लावायची नाही, याचं कारण आता माझ्या हातावर आहे. बोळा जपून ठेवलाय, काकांना दाखवायला.

डबा धुतला. नवा एलिमेंट. झाकणाचं गॅस्केट नवं. इंजिनावरच्या ब्रॅकेटची भोकं शाबूत होती, पट्टी उद्यमनगरातून वाकवून आणली.

१६ फेब्रुवारी, रविवार

फ्लेअर करण्याचा दिवस. नळी कटरने कापली. करवतीने तोंड तिरकं होतं आणि भुगा आत जातो. आतली कड रीमरने हलकी साफ केली, नळीचं तोंड खाली धरून, म्हणजे कचरा आत पडत नाही. नट आधी नळीवर चढवला. शंकूला ऑईलचा थेंब लावून दाबत गेलो. फ्लेअर नटाच्या आतल्या व्यासापेक्षा जरासा लहान हवा. मोठा झाला तर नटाच्या आट्यांना घासतो, लहान राहिला तर टेकायला पट्टी अरुंद मिळते. पहिला फ्लेअर झाल्यावर परत निळा रंग लावून पाहिला. या वेळी पूर्ण, रुंद, अखंड वर्तुळ उमटलं. मन भरलं.

ब्लॉकमधला हाफ युनियन बसवताना लॉक्टाईट ५७७ वापरलं. हे हवा तुटल्यावर आणि धातूचा स्पर्श झाल्यावर घट्ट होणारं द्रव्य आहे. निमुळत्या आट्यात नर-मादी बरोबर जुळले तरी शेंड्यांशी बारीक पोकळी उरतेच. ती भरायला काहीतरी लागतं, आणि टेपेपेक्षा हे बरं, कारण आत गळून पडायला त्याचे तंतू नसतात. नर आणि भोक दोन्ही ॲसिटोनने पुसून कोरडे केले. नराचे पहिले दोन आटे कोरडे सोडून पुढे गोल लावलं. हाताने साधारण चार फेरे गेले आणि युनियन थांबला. एनपीटी जुळल्याची ही खूण. त्यानंतर पान्याने दोन फेरे. १/८ ला हातघट्टीनंतर दोन ते तीन फेरे पुरतात. त्यापुढे नेलं तर पितळ फाटतं किंवा बीड. एल्बोला दिशा द्यायची असते तेव्हा मोह होतो, आणखी जरासा फिरवावा असं वाटतं. दिशा चुकत असेल तर मागे कधी फिरवू नये. मागे फिरवला की भरलेली वाट उघडते. मी सरळ युनियन घेतला आणि वळण नळीला दिलं, म्हणजे हा प्रश्नच आला नाही.

फ्लेअरच्या जोडांना काहीच लावलं नाही. फक्त फ्लेअरच्या पाठीला आणि आट्यांना ऑईल. नट टॉर्क पान्याने १६ न्यूटन मीटरला. एक पाना युनियनवर धरून दुसऱ्याने नट फिरवायचा, नाहीतर आवळण्याचा सगळा पीळ ब्लॉकमधल्या आट्यावर जातो.

नळीला मधे इंजिनावर एक क्लिप, खाली रबर. एक्झॉस्टपासून जितकी दूर नेता आली तितकी नेली.

१९ फेब्रुवारी, बुधवार, शिवजयंती

सुट्टी. गेजच्या बाजूची उतरंड उतरवली. ब्लॉकातला निपल मुळाशी पिळलेला होता, त्यात एक आटा अर्धा तुटलेला. जड सेंडर लांब निपलवर लटकवला की इंजिनाच्या प्रत्येक धडकीला तो मुळाशी उपटायला बघतो, आणि तिथे कुठलंही सीलंट फार दिवस टिकत नाही. सेंडरची गरज काय, असं काकांना विचारलं. त्याचा काटा कधीच हललेला त्यांना आठवत नाही. सेंडर आणि टी काढून टाकले. ब्लॉकात थेट छोटा युनियन, त्यावर यांत्रिक गेजची बारीक तांब्याची नळी, नवीन फेरूल (नळीवरचं आवळकडं). फेरूलचा जोडही आट्यांवर सील होत नाही. फेरूल नळीला चिमटून धरतो आणि शंकूत बसतो, म्हणून तिथेही कोरडा जोड.

ही नळी इंजिनावरून डॅशबोर्डकडे जाते, म्हणजे डोलणाऱ्या भागावरून स्थिर भागाकडे. तिला फायरवॉलच्या आधी दोन वेटोळी दिली. डोल वेटोळ्यांत वाटला जातो आणि टोकाशी पोचत नाही.

ब्लॉकचं हे दुसरं भोकही एनपीटीच. टॅप, ग्रीस, स्टार्टर, पातेलं, सगळं पहिल्यासारखंच.

२३ फेब्रुवारी, रविवार

सीलंटला पूर्ण चोवीस तासांहून खूप जास्त वेळ मिळालाय. नवं २०डब्ल्यू-४० ऑईल, डबा धरून पाच क्वार्टच्या हिशेबाने.

कॉइलची तार काढूनच स्टार्टर मारला. थोड्याच वेळात गेजचा काटा उचलला, डबा भरला. मग तार लावून चालू केलं. थंडीत काटा ४० च्या आसपास. पूर्ण गरम झाल्यावर आयडलला १८ पीएसआय, वेग वाढवल्यावर ३५. गरम असतानाही दाब एवढा टिकतो, त्यामुळे बेअरिंगांची तब्येतही चांगली आहे असं म्हणता येतं.

सगळे जोड परत पावडर लावून पाहिले. ब्लॉकचे दोन्ही कोरडे, फ्लेअर कोरडे. डब्याच्या झाकणाच्या मधल्या बोल्टाखाली मात्र काळी कड उमटली. तिथे तांब्याचा वायसर आहे आणि तो जुनाच ठेवला होता. तांब्याचा वायसर एकदा दाबला की कडक होतो. दुसऱ्यांदा तो पृष्ठभागाच्या बारीक ओरखड्यांत शिरत नाही. गॅसवर लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला. पोलाद असं विझवल्यावर कडक होतं, तांबं मऊच राहतं. वरचा काळा थर बारीक पॉलिश पेपरने काढला, परत बसवला. अर्धा तास इंजिन चालवलं, कोरडा.

२ मार्च, रविवार

पन्हाळ्याला जाऊन आलो. चढावर इंजिन तापतं, ऑईल सगळ्यात पातळ होतं, आणि खडबडीत रस्त्यावर प्रत्येक जोडाला धक्के बसतात. वर पोचल्यावर लगेच बॉनेट उघडून सगळीकडे पांढरा टिशू फिरवला. टिशू पांढराच राहिला. काका बरोबर होते. त्यांनी स्वतः परत एकदा पुसून पाहिलं आणि फिल्टरमधला टेफ्लॉनचा बोळा खिशातून काढून शेजारच्या जीपवाल्याला दाखवला.

घरी आल्यावर फ्लेअरचे नट थंड झाल्यावर टॉर्क पान्याने तपासले. एकही हलला नाही.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

या महिन्यात जीप गगनबावड्याला जाऊन-येऊन आहे, ऊस तोडणीच्या गडबडीत शेतातही फिरली. ऑईलची पातळी काठीवर जिथे होती तिथेच आहे.

बॉनेटच्या आत पत्र्यावर ऑईल पेंटने लिहून ठेवलं: "ब्लॉक: १/८ एनपीटी, इंचाला २७. बीएसपी चालत नाही. नळी: पाव इंची, फ्लेअर ४५ अंश, फ्रिजच्या सामानाचं फिटिंग. टेप लावू नये." पुढे कुणीही मिस्त्री बॉनेट उघडेल तेव्हा त्याला पिच गेज शोधत बसावं लागू नये.

आता उरलाय तो क्लच हाउसिंगच्या खालच्या छिद्रातून पडणारा थेंब. तो रिअर मेन सीलचा, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकाच्या सीलचा आहे. ते काम मे महिन्यात, पावसाआधी घ्यायचं ठरलंय. तोवर जीप काकांकडेच.